वन्सं आणि मी, पाळी गेल्यावर

गणपतीचे डोळे आखताना हात हलून चालत नाही. पेणच्या कारखान्यात मी वीस वर्षं तेच काम करते आहे. त्या दिवशी मात्र छातीतून एकदम वाफ उठली, मानेवरून डोक्यात गेली आणि नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब टपकला तो नेमका उंदराच्या ओल्या रंगावर.

"ताई, ताप आलाय काय?" शेठनी विचारलं.

"नाय, आतून भट्टी पेटलीय."

पाळी बंद होऊन वर्ष झालं होतं. झोप उडाली होती. नवऱ्याने चहात साखर कमी टाकली म्हणून मी चक्क रडले होते. शेवटी रोह्याजवळ वरशाला राहणाऱ्या नणंदेला, आमच्या वन्संना, फोन लावला. त्या माझ्याच वयाच्या. सगळं ऐकून त्या खदखदून हसल्या. "अगो वहिनी, मी आत्ता फ्रीज उघडून त्याच्यासमोर पाट टाकून बसलेय!"

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघी रोह्याच्या डॉक्टरबाईंसमोर होतो. "हा आजार नाही, पण म्हणून मुकाट सोसायचंही नाही," त्या म्हणाल्या. सुती कपडे, चहा-तिखट कमी, रोज चालणं, दूध, नाचणी. एवढं करूनही त्रास राहिला तर तपासण्या करून हार्मोनच्या गोळ्यांचं बघू. "आणि परत रक्त दिसलं तर वाट बघू नका, लगेच या." बोलता बोलता त्यांचाच चेहरा लाल झाला. आमची फाइल उचलून त्या वारा घ्यायला लागल्या. "बघताय काय? मलाही होतं!"

तिघी हसत सुटलो. वन्सं मात्र मध्येच पाय आवळून बसल्या. "हसलं की थेंब निघतो हो." त्यावर डॉक्टरबाईंनी व्यायाम शिकवला. लघवी रोखल्यासारखं आवळायचं, पाच मोजायचे, सैल सोडायचं. कुठेही बसून करा, कुणाला पत्ता लागत नाही.

वन्सं माझ्याबरोबर पेणला निघाल्या. एसटीत बसल्या बसल्या आम्ही गंभीर तोंडं करून आवळून मनात मोजायला सुरुवात केली. तेवढ्यात कंडक्टर आला. "बोला मावशी."

"पाच!" माझ्या तोंडून निघालं.

"बायकांची पाच हाफ? बाकीच्या तिघी कुठायत?"

वन्संचा व्यायाम तिथेच सुटला. पदर तोंडात कोंबून त्या खिडकीकडे वळल्या. "दोन द्या, पेण," मी कसंबसं म्हटलं.

"तब्येत बरी हाय ना तुमची?"

"व्हय, सुधारतेय!" वन्सं किंचाळल्या.

नंतर वन्संना तपासण्या करून गोळ्या सुरू झाल्या, आता त्या झोपतात. माझं चालण्यावर निभावतंय. वाफा अजून येतात, पण कमी. कारखान्यातल्या दोघींनी हळूच विचारलं, "ताई, तुम्हाला पण?" तिसरी आपणहून आली. आता संध्याकाळी आम्ही चौघी भोगावती नदीच्या पुलाकडे चालायला जातो. एकीला वाफ आली की बाकीच्या भर रस्त्यात थांबून तिला पदराने वारा घालतात, आणि येणारे-जाणारे बिचारे बाजूने वाट काढतात.