एका रिंगची खुशाली

आमच्या काकांना आम्ही मुलं त्यांच्या माघारी 'अर्धेकाका' म्हणायचो. चहा अर्धा कप, वर्तमानपत्र शेजाऱ्यांबरोबर अर्ध्या वर्गणीत, बसचं तिकीटसुद्धा जिथून भाडं वाढतं त्याच्या अलीकडच्या थांब्यापर्यंतचं, पुढे पायी. साबणाची चिपटी उरली की ती नव्या वडीला चिकटवायची. टूथपेस्टची नळी शेवटी कात्रीने उभी चिरायची. खोलीतला दिवा चालू ठेवून कुणी बाहेर आलं, तर काका असं बघायचे की माणूसच विझावा.

छापखान्यात ते कागद कापायच्या मशीनवर होते. कडेच्या पट्ट्या मालकाला विचारून घरी आणायचे आणि दोऱ्याने शिवून आम्हाला वह्या करून द्यायचे. इतक्या अरुंद, की एका ओळीत धड चार शब्द मावायचे नाहीत. वर्गात ती वही बाहेर काढायची मला लाज वाटायची. पण आजोबा लवकर गेले, तेव्हा माझ्या बाबांचं आणि आत्याचं शिक्षण याच माणसाने पोटाला चिमटा घेऊन केलं. स्वतः लग्न केलं नाही. खर्च वाढतो म्हणाले. त्यांना चिक्कू म्हणायचा हक्क आमच्या घरात कुणालाच नव्हता. म्हणायचो मात्र सगळेच.

आत्या लग्न करून लांबच्या गावी गेली. मोबाइल आले तेव्हा बोलायला मिनिटामिनिटाचे पैसे पडत. काकांनी त्यावर तोड काढली. संध्याकाळी आत्याने एक रिंग द्यायची, म्हणजे ती ठीक. काकांनी फोन कट करायचा, म्हणजे तेही ठीक. काही अडलं-नडलं तर बाबांना रिंग द्यायची. बाबा ऑफिसच्या फोनवरून उलटा फोन लावतील. ही व्यवस्था वर्षानुवर्षं बिनबोभाट चालली. दोघांचा एकमेकांवर फार जीव. रिंग यायच्या वेळेला काका फोन मांडीवर घेऊन बसायचे आणि ती येईपर्यंत जेवायला उठायचे नाहीत. जेवण निवायचं, आई धुसफुसायची.

तिचा आवाज ऐकावासा वाटत नाही का, असं मी एकदा विचारलं होतं.

"ठीक आहे हे कळलं ना? मग झालं तर," ते म्हणाले.

पुढे महिन्याचे पैसे एकदम भरले की हवं तेवढं बोला, असे दिवस आले. मी काकांना ते नाना परींनी समजावून सांगितलं. आधी सवय लावतात आणि मग खिसा कापतात, हा त्यांचा निकाल. त्यांच्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. मी नाद सोडला.

एका शनिवारी संध्याकाळी रिंग आली. काकांनी नेहमीसारखा फोन कट केला. लगेच पुन्हा वाजला, पुन्हा कट. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा ते वैतागले. हिला पैसे वर आलेत की काय, असं पुटपुटत त्यांनी फोनच बंद करून टाकला. मी भांडी पुसत होते. उचला तरी एकदा, असं मी म्हणाले. गरज असती तर तुझ्या बाबांना रिंग दिली असती, असं उत्तर आलं. त्यांच्या नियमात ते अगदी बरोबर होतं, म्हणून मी पुढचं भांडं पुसायला घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या फोनवर आत्याच्या सुनेचा फोन आला. पहाटे आत्याला पक्षाघाताचा झटका आला होता. जीव वाचला, पण उजवी बाजू आणि वाचा गेली होती.

काका आणि मी पहिल्या गाडीने निघालो. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात सुनेने सगळं सांगितलं. बिचारीच्या मनात काही नव्हतं, बोलण्याच्या ओघात सांगून गेली. आदल्या दिवशीच मुलाने आईच्या फोनवर बोलणं फुकट होईल असे पैसे भरले होते. आत्या हरखून गेली होती. पहिला फोन दादाला, म्हणून लावत बसली. तिकडून कट, पुन्हा कट, मग बंद.

"त्या हसत होत्या," सून म्हणाली. "म्हणाल्या, माझेच पैसे वाचवतोय वेडा. एवढं काय सांगायचंय विचारलं, तर म्हणाल्या, काही नाही गं, नुसतं भरपूर बोलायचंय. उद्या लावते."

मला काकांचा इतका राग आला की त्यांच्याकडे बघवेना. मग बघितलं, आणि रागावायलाही काही उरलं नाही. ते भिंतीला धरून उभे होते.

आत कॉटशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी आत्याचा डावा हात हातात घेतला आणि बोलायला सुरुवात केली. घरात मोजून चार वाक्यं बोलणारा माणूस! छापखान्यात नवं मशीन येणार आहे आणि आपली गरज उरणार नाही, गुडघा जिना चढू देत नाही, रविवारी खोली खायला उठते. यातलं आम्हाला घरात काहीच माहीत नव्हतं. नर्स एकदा डोकावून गेली. आत्या त्यांच्याकडे एकटक बघत होती.

बोलता बोलता काका थांबले.

"तुझं कसं चाललंय, हे मी कधी विचारलंच नाही गं," ते म्हणाले. "आता विचारतोय."

आत्याचे ओठ हलले. आम्ही दोघंही वाकून कान देऊन राहिलो. नुसता श्वास आला, शब्द आलाच नाही.