पैजेची मिशी

नांदेडच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर मी मित्राशी पैज लावली होती: माझा उमेदवार पडला तर मिशी उतरवीन. आमच्याकडं अशी खुळं चालतात. निकालाच्या दिवशी आघाडी कधी इकडं, कधी तिकडं. शेवटी माझा माणूस पडलाच. गुलालानं माखलेल्या मित्रानं मला ओढत भोकरच्या स्टँडजवळच्या सलूनमध्ये नेलं. मागं पाच-सहा जण मोबाइल उगारून उभे.

सलूनवाले चाचा पांढऱ्या दाढीचे, सावकाश हलणारे. कोपऱ्यात रेडिओ चालू होता. त्यांनी आधी माझ्या कपाळावरचा घाम पुसला, मिशीला कोमट पाणी लावलं, अंगठ्यानं ती सारखी केली. वस्तऱ्यात नवं ब्लेड घातलं आणि विचारलं, "वडील हायत का?"

"हायत. घरी टीव्हीसमोर बसलेत."

चाचांनी वस्तरा खाली ठेवला. "मग न्हाई जमायचं. तुमच्यात बाप गेल्यावर मिशी उतरवतेत. चाळीस साल झाले, मीच उतरवून राहिलो. इलेक्शन काय, परत येतंय, बेटा."

मित्रानं मान खाली घातली. मोबाइल खिशात गेले. चाचांनी मिशीचे दोन केस कातरले. "झाली पैज," म्हणाले.

या उन्हाळ्यात वडील गेले. दहाव्यानंतर काही दिवसांनी भोकरला गेलो, तर पाय आपोआप त्या दुकानाकडं वळले. चाचांनी माझ्या कोऱ्या ओठाकडं पाहिलं. फडक्यानं खुर्ची झटकून मला बसवलं, आणि जाऊन रेडिओ बंद केला.