मांडीवरचा मॉनिटर

साधी वायर विकत घ्यायची असली तरी कंपोझ काकू मॉनिटर बरोबर घेऊन जात. चादरीत गुंडाळलेलं ते धूड रिक्षात मांडीवर घेऊन बिबवेवाडीतल्या घरून निघायचं आणि दुकानाच्या काउंटरवर ठेवूनच बोलायला तोंड उघडायचं. दुकानदार म्हणे, "चालून जाईल, काकू." काकू म्हणत, "जाईल नको. चालवून दाखवा."

लग्नपत्रिका, सोसायट्यांचे अहवाल, दहाव्याची कार्डं असा मजकूर घरी बसून जुळवून देत, म्हणून त्या कंपोझ काकू. मी वरच्या मजल्यावर राहायचो आणि आयटीत होतो, त्यामुळे काही बिघडलं की बोलावणं मलाच. लग्नपत्रिकेचं काम अर्धं टाकून त्या दहाव्याचं कार्ड आधी हातात घेत. कुणी कुरकुर केलीच, तर म्हणत, "लग्न पुढे ढकलता येतं. दहावा येतो का?"

साखरेमुळे त्यांच्या डोळ्यांचे पडदे खराब होत चालले होते. त्या जुन्या मॉनिटरवर अक्षर बोटाएवढं करून, उजेड कमी करून त्यांना अजून काम जमत होतं. "दिसतंय तोवर मी कामाची," असं त्या अगदी सहज म्हणत. मला ते ऐकवत नसे.

मग त्यांचा कॉम्प्युटरच गेला. वारज्याच्या लेकीने हौसेने पातळ, चकचकीत लॅपटॉप आणून दिला. त्याला फक्त टाइप-सी आणि काकूंच्या मॉनिटरला ते जुनं, निळं, पिनांचं सॉकेट. मी म्हणालो, "काकू, मॉनिटर नवा घेऊन टाका." त्या म्हणाल्या, "अहो, नवे डोळ्यांना टोचतात. डोळेही नवे मिळत असले तर सांगा."

पुन्हा चादर, पुन्हा रिक्षा. या वेळी मीही बरोबर होतो. दुकानदाराने दोघांना जोडणारा कन्व्हर्टर लावला, स्क्रीन काळी ती काळीच. दुसरा लावला, तेच. त्या लॅपटॉपच्या टाइप-सीला चार्जिंग होई, पेनड्राइव्ह चाले, पण चित्र काही बाहेर येत नसे. त्याला आत स्वतःची चिप असलेला वेगळा कन्व्हर्टर हवा होता, आणि तो मागवावा लागणार होता. आज येतो, उद्या येतो करत तो रखडला. काकू रोज मॉनिटर पुसून ठेवत. लॅपटॉपवरचं बारीक अक्षर त्यांना वाचता येत नव्हतंच. हळूहळू त्या भिंतीला हात लावून चालू लागल्या. विचारलं तर म्हणत, "फरशी निसरडी झालीय."

अखेर कन्व्हर्टर आला. मी सकाळीच खाली जाऊन जोडला आणि पहिल्याच फटक्यात चित्र उमटलं. जुन्या कॉम्प्युटरमधून मी उतरवून घेतलेली ती अर्धी राहिलेली लग्नपत्रिका, बोटाएवढी अक्षरं, सगळं स्वच्छ. मला इतका आनंद झाला की मी हाक मारून त्यांना स्वयंपाकघरातून बोलावलं.

काकू खुर्ची चाचपून बसल्या. कीबोर्डवर हात ठेवले. समोर बघत राहिल्या.

"पिन नीट बसलीय ना, बघा हो जरा," त्या म्हणाल्या. "वेळ लागतोय."

पिन घट्ट बसलेलीच होती, तरी मी ती दाबून पाहिली. त्या थांबून राहिल्या.

"आलंय, काकू," मी शेवटी म्हणालो.

"असं होय."

त्यांनी कीबोर्डवरचे हात काढून मांडीवर ठेवले. मग म्हणाल्या, "मग बंद करा. उगाच कशाला जळतोय?"

मला रडू आवरेना. बटण त्यांनीच शोधून दाबलं.