अडीच वाजता झोपणारा पंप

चैत्रातल्या दुपारी अडीच वाजता तुमच्या अंगणात सावली कुठे पडते, हे तुम्हाला ठाऊक आहे का?

मला नव्हतं. तरीही तेविसाव्या वर्षी मी सौरऊर्जेवर चार पानी पत्रक लिहिलं आणि शंभर प्रती छापून घेतल्या. त्यातल्या बऱ्याचशा पुढे आमच्या डगमगणाऱ्या कपाटाच्या पायाखाली कामी आल्या.

नव्वदीची सुरुवात होती. भिलाईत आमच्या क्वार्टरच्या मागे बाबांनी सिमेंटचं छोटं तळं बांधलं होतं. बाबा स्टील प्लँटमध्ये क्लार्क. जवळच्या मरोदा गावातल्या मित्राकडून त्यांनी बोटाएवढे रोहू मासे डब्यात घालून आणले होते. त्यातले सहा जगले आणि वीतभर झाले. ड्यूटीवरून आले की बाबा आधी मासे मोजत, मग आम्हाला हाक मारत. विजेचा एक छोटा पंप तळ्यातलं पाणी उचलून पुन्हा वरून तळ्यात सोडायचा. त्याने पाण्यात हवा मिसळायची आणि उन्हाळ्यात मासे तगायचे.

तो पंप मला खुपत होता. कोळसा जाळून वीज करायची आणि डोक्यावरचा सूर्य वाया घालवायचा, हे मला मान्य नव्हतं. शिकवण्यांच्या कमाईतून मी रायपूरच्या प्रदर्शनातून सौर पॅनेल आणलं. हथखोजच्या एका मिस्त्रीकडून त्यावर चालणारा पंप बसवून घेतला. आणि जुन्या पंपाचा प्लग कात्रीने कापून टाकला. (तत्त्वासाठी. पुन्हा मोह व्हायला नको.)

बाबा कापलेल्या वायरकडे पाहत राहिले.

"अन् मासे मेले तं?"

"नाही मरत, बाबा. गॅरंटी. एक बी मेला ना, तर मी जिंदगीत पत्रक लिहिणार नाही."

माझ्या चळवळीत बाबांनी रस दाखवला तो तेव्हा पहिल्यांदा.

चार दिवस पंप झकास चालला. मला प्रचाराचा हुरूप आला. मागच्या गल्लीतून जाणाऱ्या-येणाऱ्यांना दिसेल असा, दोन बांबूंवर ताणलेला लांबरुंद मांजरपाटाचा फलक मी अंगणात उभा केला. गल्ली हिंदी बोलणारी, म्हणून लाल रंगात हिंदीत लिहिलं: 'सूरज को कौन रोक सकता है?'

दुसऱ्या दिवशी मी शिकवणीहून चार वाजता परतले, तर शेजारच्या साहू चाची भिंतीवर कोपर टेकून वाटच बघत होत्या.

"बेटी, तेरा पंप दोपहर में सो गया था. अढ़ाई बजे सोया, अभी उठा है."

पंप तर समोर चालू होता. मी म्हटलं, चाचींचा भ्रम. पण तिसऱ्या दिवशीही तेच, चौथ्या दिवशीही तेच. बाबा जेवताना म्हणाले, "मोठा साहेबच लागला तुया पंप. लंच झाला की आराम."

मी कारणं शोधायला लागले. धूळ असेल म्हणून रोज सकाळी पॅनेल पुसलं. मग मिस्त्रीवर खवळले. तो हथखोजहून सायकल हाणत सकाळी अकराला आला, वाहत्या पाण्याकडे पाहिलं, चहा प्यायला आणि म्हणाला, "बहनजी, चल तो रहा है." (त्याला मी पत्रक दिलं. त्याने त्यात पाना गुंडाळला.)

आता घरातलाच कोणीतरी प्रतिगामी उरला होता. आई त्याच अंगणात बाजेवर कुरड्या वाळवत असे.

"आई, तुझ्या कुरड्यांचा चीक पॅनेलवर उडून राहिला का?"

"मले काय धंदा नाही का वं? माया कुरड्या बाजीवर, तुयं काच तिकडं."

"मग तूच हात लावला असशील."

त्या रात्री माझ्या ताटात पापड नव्हता.

बाबांच्या सुट्टीचा दिवस आला. मी शिकवणी बुडवली आणि पहाऱ्याला बसले. अडीच वाजले. पाण्याची धार बारीक झाली, ठिबकली, थांबली. तळं तापलेलं. थोड्याच वेळात सहाही मासे वर आले आणि तोंडं उघडून हवा गिळू लागले.

बाबा बनियनवरच धावले. बादलीने पाणी उचलून उंचावरून तळ्यात ओतायला लागले.

"पोरी, उभी कावून आहेस? मग्गा घे."

"थांबा बाबा, पहिले कारण समजू द्या."

मी पॅनेलजवळ उभी राहून वायरी तपासत होते. तिथे बरं वाटत होतं, कारण तिथे छान सावली होती. ही सावली कुठून आली, असा प्रश्न चार पानी पत्रक लिहिणाऱ्या बाईला पडला नाही.

तेवढ्यात आई पदर खोचून बाहेर आली आणि नेहमीसारखी बाज ओढून पलीकडे सरकवायला लागली.

"आई, मासे मरून राहिले आणि तू कुरड्या काय सरकवते?"

"मग काय करू? अडीच वाजले की तुया फडक्याची सावली येते ना बाजीवर. आठ दिवस झाले सरकवून राहिली."

मी मान वर केली. डोक्यावर माझाच फलक होता, उलटा दिसणारा, लाल. त्याची सावली आधी पॅनेलवर आणि मग आईच्या बाजेवर.

"सांगितलं कावून नाहीस?"

"सांगतलं होतं. तू म्हटली, आई, मी लिहून राहिली, मधात बोलू नको."

मी बांबूसकट फलक ओढून पाडला. पंप दोनदा खोकला आणि पाणी आलं. बाबांनी बादली ठेवली, फलकावरची अक्षरं सावकाश वाचली आणि म्हणाले, "घे, उत्तर भेटलं."

मग ते उकिडवे बसून मोजायला लागले. एक, दोन, तीन, चार, पाच. पुन्हा मोजले. पाचच. माझं पुढचं सगळं वाङ्मय त्या तळ्यात अडकलं होतं. मग पंपाच्या नळीमागून सहावा निवांत बाहेर आला.

त्याच संध्याकाळी बाबांनी जुन्या पंपाला नवा प्लग जोडून ठेवला. "तत्त्वासाठी," म्हणाले.

तेव्हा एक विनंती आहे. कुठेही फलक उभारण्याआधी, तुमच्या घरात जी कोणी कुरड्या वाळवते तिला आजच जाऊन विचारा की दुपारी सावली कुठे येते. आणि ती सांगेल ते लिहून घ्या. तेव्हा मीही लिहीतच होते, पण दुसरंच.