जावई चिखलात

डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं होतं, "पुढच्या तपासणीपर्यंत वजन उतरलं नाही तर साखरेची गोळी सुरू." गोळीची मला भलती धास्ती. वडिलांची एकदा सुरू झाली ती शेवटपर्यंत सुटली नाही. मी सूसच्या फ्लॅटमध्ये दिवसभर लॅपटॉपपुढे बसणारा माणूस. मनगटावर कॅलरी मोजणारं घड्याळ बांधलं आणि ऐन भातलावणीत भरे गावातली सासुरवाडी गाठली. दिवसभर वाकून भात लावायचा, की चरबी गेलीच म्हणून समजा!

सासूबाई हादरल्या. "जावयाला चिखलात घालू? गावात त्वांड दाखवाया जागा ऱ्हाईल का?" मी हट्टाला पेटलो, गोळीचं सांगितलं, तेव्हा नाइलाजाने म्हणाल्या, "बरं. पन पाव्हणं, त्या कडंच्या खाचरात लावा. रस्त्यावरनं दिसाय नगं."

डाव्या हातात रोपांची मूठ, उजव्यानं चिखलात खोचायचं आणि मागे सरकायचं. थोड्याच वेळात कंबर बोंबलायला लागली. घामाने डोळे झोंबतायत, आणि घड्याळ टुणकन वाजून सांगतंय, 'बराच वेळ बसून आहात. उठा, जरा चाला.' मेलं ते बांधलेलं डाव्या हाताला, आणि तो हात मूठ धरून गुडघ्यावर गप्प पडलेला! असा संताप आला की तेही रोपासारखं खोचून टाकावंसं वाटलं. शेजारच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

दुपारी ताट आलं. बसून असलेल्या जावयालाही इथे कोंबडी कापतात. मी तर राबलेला! तांदळाच्या भाकरी, रस्सा, वर भात. नको म्हटलं की सासूबाईंचा चेहरा उतरायचा. "आमच्या रानात राबला, आन अर्ध्यापोटी उठनार व्हय?" खरं सांगायचं तर भूकच अशी खवळलेली, की माझं नको मलाच खरं वाटेना. लावणी संपेपर्यंत हेच चाललं. सकाळी चिखल, दुपारी कोंबडी, मग गाढ झोप.

तपासणीला काट्यावर उभा राहिलो. वजन वाढलं होतं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. घरी बायकोने तिच्या आईला फोन लावून दिला, म्हटलं चार धीराचे शब्द तरी कानावर पडतील.

सासूबाई आधी हळहळल्या. मग एकदम सुटल्यासारख्या म्हणाल्या, "गोळी चालू झाली न्हवं? मग आता खायाला काय भ्या न्हाई. कवा येताय?"