शेवटच्या प्रकरणाला 'जैसे थे'

आमच्या धाकट्या दाजींनी जिच्यावर हरकत घेतलेली नाही, अशी एकही गोष्ट नळदुर्गच्या पंचक्रोशीत उरलेली नाही. धाकटे दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, दीर. नोकरीभर तलाठी होते. लोकांच्या हरकती ऐकण्यात उमर गेली; रिटायर झाल्यावर त्यांनी त्या सगळ्या व्याजासकट परत करायला घेतल्या. रस्त्यावरच्या गतिरोधकावर, पोस्ट उघडायच्या वेळेवर, देवळातल्या घंटेच्या उंचीवर. आक्काच्या मुलीच्या लग्नात अंतरपाट धरलेला असताना त्यांनी भटजींचं घड्याळ मागं असल्याची हरकत घेतली. मंगलाष्टकं थांबली, चार जणांचे फोन काढून वेळ ताडून पाहिली गेली, आणि घड्याळ दाजींचंच पुढं निघालं. तेव्हा मोठ्या मनानं त्यांनी हरकत मागं घेतली आणि अक्षता पडल्या.

दुसरी खोड मोठ्यानं वाचायची. सारी उमर चावडीवर नोटिसा वाचून दाखवल्या, आणि आता वाचायला नोटीसच उरली नाही. काही दिवस त्यांनी घरच्यांना पेपरातल्या निधनवार्ता वाचून दाखवल्या. घरचे एकेक करून उठून जायचे. शेवटी आक्कानं त्यांच्या हातात एक कादंबरी दिली, समोर फोन उभा करून ठेवला आणि म्हणाली, "भावजी, ह्याच्यापुढं वाचा. हे उठून जात न्हाय."

तेव्हापासून इंटरनेटवर दाजींचं वाचनाचं चॅनल सुरू झालं. कादंबरी कुठलीही असो, ते ती लिलावाच्या जाहिरातीसारखी वाचतात. नायिका नायकाच्या खांद्यावर डोकं टेकवते, तेही 'सर्व संबंधितांस कळविण्यात येते की' ह्या सुरात. सोलापूर–हैदराबाद रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांना नेमकं हेच पसंत पडलं. एका ड्रायव्हरनं मला सांगितलं, "साहेब वाचायला लागले की डोळा लागत न्हाय. कुणाची तरी जप्ती हाय, असंच वाटत राहतं." वाचता वाचता दाजी शेरेही मारतात. "इथं लेखकानं दिवाळीत तूर कापलीय. चूक हाय. पुढं चला."

दिवाळीत तूर कापणारा तो लेखक म्हणजे मी. परंड्याच्या शाळेत भूगोल शिकवतो. आयुष्यात एकच कादंबरी लिहिली, आणि तिच्या निम्म्या प्रती अजून प्रकाशकाच्या गोदामात आहेत. ती वाचायला घेतोय, असं दाजींनी मला एका बारशात सांगितलं होतं आणि मी नेहमीसारखा "बरं" म्हणालो होतो. मी फार बोलत नाही. लोकांना तो समजूतदारपणा वाटतो. तसं काही नाही; बोललं की बाजू घ्यावी लागते, म्हणून बोलत नाही.

दाजी माझ्या कादंबरीच्या अखेरीला आले होते तेव्हा एका सकाळी प्रकाशकाचा मेसेज आला: तुमच्या पुस्तकाची उघड चोरी चालली आहे, तक्रारीवर सही करा, ते चॅनल बंद करून टाकू. मी 'पाहतो' एवढंही लिहिलं नाही. फोन खिशात टाकला आणि सुट्टीला आक्काकडं नळदुर्गला गेलो.

दाजींच्या नेहमीच्या धाब्यावर धाबेवाला आणि तो ड्रायव्हर धरून सभाच भरली होती. इंटरनेटवरच्या चोऱ्या रोखायला कॉपीराइटचा कायदा कडक करायचा प्रस्ताव आहे. कुणी तक्रार करायची वाट न बघता कंपनीनंच दुसऱ्याचा माल ओळखून काढून टाकायचा, असं काहीतरी त्यात आहे. आणि त्यावर लोकांकडून हरकती मागवल्यात, एवढं दाजींच्या कानावर आलं होतं. हरकती मागवल्यात म्हटल्यावर दाजींना सणच. पण ह्या खेपेला त्यांना आधी एक गोष्ट समजून घ्यायची होती. हा कायदा पोचतो कुठवर?

"जमिनीला बांध असतो," ते म्हणाले, "गोष्टीचा बांध कुठं? म्या फोनपुढं वाचलं, तो गुन्हा. बरं. ह्या ड्रायव्हरनं ऐकलं, ह्याचं काय?"

"ऐकणारा सुटला," धाबेवाला म्हणाला.

"ह्यानं उमरग्यात क्लिनरला सांगितलं?"

"तोंडी हाय. सुटला."

"क्लिनरनं घरी आईला सांगितलं. आईनं त्यात एक सून वाढवली."

"मग गोष्ट आईची झाली," ड्रायव्हर म्हणाला. "आन् तसं बी, विरजण नेल्यानं कुणाचं दही कमी झालंय का?"

"दही न्हाय कमी होत," धाबेवाला म्हणाला. "पण सगळी गल्लीच फुकट विरजण न्यायला लागली, तर दही विकणाऱ्यानं खायचं काय? माझा मसाला शेजारच्यानं उचलला, बोर्डावर नाव बी माझंच टाकलं. यावा की कायदा. लिहिणारा बी राबूनच लिहीत असंल."

सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. "पाव्हणं, लेखक तुमी," दाजी म्हणाले. "बोला."

"हक्क प्रकाशकाकडं आहेत," मी म्हणालो.

"सगळे?"

"तसा करार आहे."

"म्हंजे सातबारा त्याचा. तुमी बटईदार. आन् बारशात तुमी 'बरं' म्हणाला होता, ती परवानगी होती का नुसतंच बरं?"

मी आणखी एक चहा सांगितला.

"मग कायदा यायच्या आधी म्याच माझ्यावर लावतो," दाजी म्हणाले. "वाद मिटंपर्यंत जैसे थे." आणि शेवटच्या प्रकरणाच्या तोंडाशी त्यांनी वाचन थांबवलं.

ट्रकवाल्यांनी त्यांना भंडावून सोडलं. माझ्या कादंबरीत एक म्हातारी शेवटच्या प्रकरणापर्यंत अंथरुणाला खिळलेली आहे. एकानं धाब्यापुढं ट्रक आडवा लावून विचारलं, "म्हातारी मेली का जगली, एवढंच सांगा." दाजी म्हणाले, "प्रकरण न्यायप्रविष्ट हाय."

आता कबूल करतो. मला राग चोरीचा नव्हताच. छापून आली तेव्हा माझी कादंबरी मलाच निर्जीव वाटली होती; दाजींच्या लिलावी सुरात ती जिवंत झाली. शाळेला जाताना एसटीत मी रोज चोरून ऐकायचो. पण माझ्या म्हातारीला माझ्याहून ते जास्त ओळखू लागले, हे सोसवत नव्हतं. सही करून टाकावी असं मला खरंच वाटलं होतं, आणि एकदाच नाही. चॅनल गेलं तर ह्या माणसाचं काय उरेल, हे माहीत असून वाटलं होतं.

पुढच्या सुट्टीला पुन्हा नळदुर्ग गाठलं आणि तो मेसेज दाजींना वाचून दाखवला. त्यांच्यासमोरच उत्तर लिहिलं: माझी तक्रार नाही, सही करणार नाही, वाचन चालू राहू द्या. दुपारी प्रकाशकाचं उलट उत्तर आलं: ठीक आहे, वाचू द्या, फक्त पुस्तक कुठं मिळतं तेवढं शेवटी सांगायला लावा.

"कधीपासून खिशात होतं हे?" दाजींनी विचारलं.

"सभेच्या आधीपासून."

"आन् तुमी चहा पीत बसला."

"व्हय."

ते रागावले नाहीत. "पाव्हणं, चावडीवर कोण गप बसला की म्या लिहायचो, 'हरकत नाही'. लई जणांचं नुकसान केलं म्या तसं लिहून."

मग धाब्यामागच्या बाजेवर बसून त्यांनी शेवटचं प्रकरण काढलं. सूर तोच, लिलावाचा. म्हातारी पाणी मागते त्या ओळीपाशी आले आणि थांबले. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा थांबले. नोटिशीचा आवाज काही केल्या लागेना. तेव्हा त्यांनी पुस्तक माझ्याकडं सरकवलं. उरलेलं मी वाचलं, वर्गात हजेरी घेतो त्याहूनही हळू.

रेकॉर्डिंग तसंच चढवलंय. त्या कायद्याचं पुढं काय झालं आम्हाला कळलेलं नाही. दाजींनी पाठवलेल्या हरकतीची पोचही आली नाही. रेकॉर्डिंगखाली मात्र हुमनाबादच्या एका ड्रायव्हरनं विचारलंय, "साब, आखिर में दूसरी आवाज किसकी है? भौत आहिस्ता बोलते."

त्याला दाजींनी उत्तर दिलंय, "घरचाच माणूस हाय. आत्ता आत्ता बोलाय लागलाय."