करवंटीच्या निखाऱ्यावरचं कणीस

आमच्या एव्हरशाईन सोसायटीतल्या फ्लॅटच्या गॅलरीत संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास भाजक्या कणसाचा वास येतो. गॅसवर भाजलेल्याचा नाही, करवंटीच्या निखाऱ्यावर भाजलेल्याचा. सुटीच्या दिवशी मी घरी असते तेव्हा तो हमखास येतो. मी खाली वाकून बघते, वर बघते. कुणाच्याही घरी शेगडी नाही, आणि असती तरी सोसायटीने पेटवू दिली नसती. हे मला पक्कं ठाऊक आहे, कारण आमच्या घरातली शेगडी मीच बंद केली.

आई गेल्यावर गावचं, वटारचं घर बंद करून मी बाबांना इकडे आणलं. त्यांनी सामानात कपडे कमी घेतले आणि लोखंडी शेगडी नि गोणीभर करवंट्या मात्र घेतल्या. पहिल्याच पावसाळ्यात गॅलरीत बसून कणसं भाजली. करवंट्यांचा जाळ पूर्ण बसल्याशिवाय कणीस ठेवायचे नाहीत. चिमट्याचं त्यांना वावडं, बोटांनीच फिरवायचे. वरची पानं तोडायची नाहीत, मागे ओढून त्यांचीच मूठ करायची. खाऊन झालं की हुकूम सुटे, "कनीस मोडून हुंग, मंग पानी पी." आमच्याकडे मका असाच पचवतात. लहानपणी मी त्यावर हसायचे, पण मोडायचे आणि हुंगायचेही.

मग सोसायटीच्या ग्रुपवर धुराची तक्रार आली. त्या दिवशी ऑफिसातही माझं बिनसलं होतं. चपला न काढताच मी बोलले, "बाबा, हे वटार नाही. लोकांसमोर मला मान खाली घालायला लावू नका." ते "बरं" म्हणाले आणि तांब्याभर पाणी शेगडीत ओतलं. माझा राग तासाभरात जातो, असं मी सगळ्यांना सांगत असते. त्यांना सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी गॅसवर ठेवायची जाळी आणून दिली. त्यांनी एकदा भाजलं, दोन दाणे तोंडात टाकले आणि ठेवून दिलं. पुढे दोन वर्षं कणसाचं नाव काढलं नाही. मला वाटलं, विषय मिटला.

ते गेले आणि दहाव्याला कावळा शिवेना. गावच्या तलावाकाठी पिंड मांडलेले, समोरच्या चिंचेवर चार कावळे, आणि एकही खाली येईना. काकांनी हात जोडून शब्द दिला, "वाडी इकनार नाय." आत्या म्हणाली, "पोरीकडं आमी बघू." मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काय बोलायचं ते ठाऊक होतं, पण एवढ्या माणसांत कणसाचं काय बोलायचं, अशी लाज वाटली. "माझी काळजी करू नका," एवढंच म्हटलं. कावळे हलले नाहीत. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि आम्ही घरी आलो.

तेव्हापासून हा वास. मला त्याची भीती वाटते. साडेपाच वाजले की गॅलरीचं दार लावून घेते, तर तो घरात असतो.

यंदा श्रावणातल्या एका रविवारी म्हटलं, सोसायटीने काय करायचं ते करावं. बाजारातून दोन कणसं आणली. गॅलरीतल्या ताडपत्रीखालची करवंट्यांची गोणी ओढली तर ती जवळजवळ रिकामी. तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. तळाच्या करवंट्यांवर शेगडी पेटवली. पहिलं कणीस भाजून होतंय तोच बेल वाजली. भांडायच्या तयारीनेच दार उघडलं. समोरच्या फ्लॅटमधल्या काकू होत्या.

"वास आला ना, मला वाटलं बाबाच आले," त्या म्हणाल्या.

"त्यांनी तर केव्हाच सोडलं होतं."

"सोडलं कुठे? तुम्ही ऑफिसला गेलात की टेरेसवर जायचे, टाकीच्या आडोशाला. साडेपाचला आम्हाला गरमगरम मिळायचं. एक तुमच्यासाठी झाकून ठेवायचे."

"मला कधीच नाही दिलं."

"तुमची यायची वेळ झाली की माझ्या हातात द्यायचे. म्हणायचे, तुमीच खा, पोरगी रागवंल."

मला दारातच रडू आलं. भाजायला मिळालं नाही म्हणून बाबा अडून बसलेत, असं मी समजत होते. ते तर रोज भाजत होते. माझं कणीस तेवढं माझ्यापर्यंत आलं नव्हतं.

भाजलेलं कणीस काकूंना दिलं. दुसरं भाजून, पानांची मूठ करून गॅलरीच्या कठड्यावर ठेवलं आणि काकूंच्या देखत मोठ्याने म्हटलं, "बाबा, मी रागावले नाही." अंधार पडेपर्यंत एकही कावळा फिरकला नाही. मग ते गार, चिवट झालेलं कणीस मीच खाल्लं, एकही दाणा न ठेवता. मधून मोडलं, हुंगलं आणि आत जाऊन पाणी प्यायले.

पुढच्या रविवारी साडेपाचला वास आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. आता सुटीच्या दिवशी मी पाच वाजल्यापासूनच गॅलरीचं दार उघडं टाकून बसते.